लव्हाळदऱ्याची माती

मातीचे ढेकूळ पाण्यात टाकले की ते बुडते. बुडताना बुडबुडे सोडते, मग कडांनी विरू लागते आणि शेवटी तळाशी पसरते. प्रयोगशाळेत रुजू झाल्यापासून हे मी इतक्या वेळा पाहिले होते की पाहणेच सोडून दिले होते. म्हणून लव्हाळदऱ्याहून आलेले ढेकूळ पाण्यात टाकून मी पाठ फिरवली. नंतर वळून पाहिले तेव्हा ते वर तरंगत होते. काळे, कोरडे आणि अगदी निवांत. पाण्याने त्याला स्पर्श केला आहे असे वाटतच नव्हते.

जास्मिन मॅडम आमच्या विभागाच्या प्रमुख. त्यांनी ते बोटांत धरून नाकाशी नेले आणि कोणीतरी शेण वाळवून पाठवले असावे, असा शेरा मारला. मग त्यांनी ते भिंगाखाली धरले. त्यात गवताची मुळे होती, पात्यांच्या शिरा होत्या, पाणकणसाच्या देठाची जाळी जशीच्या तशी होती. भट्टीत तापवल्यावर मुशीच्या तळाशी चिमूटभर राख राहिली. आपल्याकडची काळी माती भट्टीतून तांबूस होऊन निघते, पण निघते. ही माती जळून गेली होती.

“पीट,” मॅडम म्हणाल्या.

पीट म्हणजे कुजायची राहून गेलेली वनस्पती. पाण्यात उभे असलेले गवत मरते, पाण्यातच आडवे होते, आणि तिथे हवा पोचत नसल्यामुळे त्याचे कुजणे अर्ध्यावर थांबते. त्याच्यावर पुढच्या वर्षीचे गवत निजते. असे शतकानुशतके चालले की थर साचतो. अशा मातीची पाने आम्ही परीक्षेपुरती वाचली होती. त्यांतले सगळे दाखले थंड, धुकट, पावसाने भिजलेल्या देशांचे होते. पर्जन्यछायेतल्या आमच्या जिल्ह्यात, जिथे निम्मे वर्ष टँकरची वाट पाहण्यात जाते, तिथे ही माती कुठून आली, हे मॅडमनाही सांगता येईना. नमुना पाठवणाऱ्याने मात्र फोनवर एवढेच विचारले होते, की कांद्याला या मातीत खत कमी टाकले तर चालेल का.

मॅडम म्हणाल्या, की इथे बसून नाव देता येणार नाही. नुसते पीट म्हणणे म्हणजे माणसाला नुसते माणूस म्हणण्यासारखे आहे. ती किती कुजली आहे, यावर तिची जात ठरते, आणि ते जागेवर जाऊन, हातात घेऊनच कळते. त्यांचे गुडघे दुखत होते. मला जावे लागले.

दसरा नुकताच होऊन गेला होता. खर्ड्याला एसटीतून उतरलो तेव्हा नमुना पाठवणारा अंगद मोटरसायकल घेऊन उभा होता. पस्तिशीचा असावा, उजव्या तळहातावर कोयत्याच्या मुठीचे घट्टे. मला अनोळखी माणसाशी बोलणे जमत नाही, हे त्याने पहिल्या वळणापर्यंत ओळखले आणि दोघांच्या वाट्याचे तोच बोलू लागला. बालाघाटाच्या उतारावर, मुरमाच्या टेकड्यांमध्ये, त्यांच्या वाट्याला आलेली ही खोलगट जागा म्हणजे लव्हाळदरा. टेकडीच्या पोटातून बारमाही झरा येतो, पण जागा सदा चिबड, पाणी साचलेली. लव्हाळा आणि पाणकणीस माणसाच्या डोक्याच्या वर. चुलत्याची म्हैस तिथे रुतून मेली, तेव्हापासून वाटणीत ती कोणी मागितली नाही. मागच्या उन्हाळ्यात ऊसतोडीवरून परतल्यावर अंगदने जेसीबी लावून खोलगटीचा ओठ फोडला आणि चर काढला. पाणी ओढ्याला गेले. खाली ही काळी, मऊ, पोकळ माती निघाली. खालच्या निम्म्यात पावसाळी कांदा लावला, तर मुठीत मावेना असा आला.

“म्हनून औंदा मुकादमाला न्हाई म्हनलो,” तो वाऱ्यावर ओरडून म्हणाला. “आमचा कोयता घरी.”

ऊसतोडीच्या हिशोबात नवरा आणि बायको मिळून एक कोयता होतो, हे मला ठाऊक होते. त्याचा अर्थ मात्र घरी पोचल्यावर समजला.

त्याची बायको सविता ओटा सारवत होती. बोलता बोलता तिने जे सांगितले ते तक्रार म्हणून नव्हे, एखादी गंमत सांगावी तसे. तिचा जन्म उसाच्या फडावरचा. बालपणीचे हिवाळे आईबापांबरोबर पाचटाच्या कोपीत गेले, लग्नानंतरचे नवऱ्याबरोबर. दिवाळी झाली की ट्रक, आणि उन्हे तापली की परत.

“थंडीत आपलं गाव कसं दिसतं, ते मला म्हाईत न्हाई,” ती म्हणाली. “आत्याबाई म्हनतात, सकाळी समदा दरा धुक्यानं भरतो. मी कवा बघितलंच न्हाई. औंदा बघनार.”

आत्याबाई म्हणजे तिची सासू, लंकाबाई. दर हिवाळ्यात ती एकटी मागे राहत असे. तिने मला चहा दिला आणि नाव विचारले. नॅथन म्हटल्यावर तिने काही क्षण विचार केला.

“म्हंजी नाथा. कानिफनाथाचा का गोरक्षनाथाचा?”

मी ख्रिस्ती आहे, पुणतांब्याचा, वडील शाळेत शिक्षक होते, असे सांगितले. तिने मान डोलावली आणि सुनेला म्हणाली, की नाथ कुठलाबी असू दे, पोरगं उपाशी दिसतंय, भाकरी टाक.

जेवणानंतर आम्ही दऱ्यात उतरलो. पाऊल टाकताच जमीन किंचित दबली आणि पुढच्या पावलाला पुन्हा वर आली. एखाद्या झोपलेल्या मोठ्या जनावराच्या अंगावरून चालावे तसे वाटले. वरच्या निम्म्यात अजून लव्हाळा उभा होता. तिथे झऱ्याच्या अगदी कडेला मी हात खोल घालून मूठभर माती काढली आणि पिळली. पीट ओळखायची रीत इतकी साधी आहे. बोटांमधून तपकिरी, पण स्वच्छ पाणी टपकले; मुठीत तंतूंचा चोथा राहिला. म्हणजे ती तिथे अजून तरुण होती. चराकडे सरकत मी पुन्हा पिळली. पाणी गढूळ आले, आणि त्याच्याबरोबर मातीही थोडी बोटांतून सुटली. कांद्याच्या नव्या वाफ्यांमध्ये तिसऱ्यांदा पिळली, तेव्हा निम्मी मूठ आंबिलीसारखी बोटांच्या फटींतून बाहेर आली. एका वर्षापूर्वी या जागेवर पाणी उभे होते. हवा आत आली होती, आणि शेकडो वर्षे थांबून राहिलेले कुजणे पुन्हा सुरू झाले होते.

चराच्या काठावरची माती तर पिळण्याजोगी उरलीच नव्हती. तिच्यावर ओंजळभर पाणी टाकले, तर त्याचे मणी झाले आणि उताराने घरंगळून गेले. एकदा पुरती वाळलेली ही माती सहजासहजी पाणी परत घेत नाही. पाण्यातच जन्मलेल्या वस्तूने पाण्याला असे परके केले होते.

अंगदने मोटारीचा पाईप दाखवला. तो सिमेंटच्या ओट्यात बसवला होता, आणि तो ओटा आता जमिनीच्या वर चांगला वीतभर उचलल्यासारखा दिसत होता.

“आमचा पाईप वाढतोय बघा, सर. ह्या रानात लोखंडबी उगवतं.”

सविता हसली. मलाही हसायचे होते. पाईप वाढला नव्हता; तो खालच्या मुरमात रोवलेला होता. जमीन खाली गेली होती. मी ते सांगितले. ही माती बसत जाईल, हेही सांगितले. त्यावर अंगद म्हणाला, की नांगरलेली जमीन पाऊस पडल्यावर बसतेच की. किती बसेल, कुठवर बसेल, हे नमुने तपासल्याशिवाय मला सांगता येत नव्हते. पण वरच्या निम्म्यातला लव्हाळा कापून दिवाळीनंतर पेटवायचा आणि तिथेही कांदा लावायचा, असा त्याचा बेत आहे हे कळले, तेव्हा मी थांबून, दोन वेळा म्हणालो, की इथे काहीही जाळू नका. ही माती स्वतः पेटते.

तो माझ्याकडे वडीलभावाने धाकट्याकडे पाहावे तसा पाहत होता. त्याने समजावून सांगितले, की बारा गावचे फड त्याने पेटवले आहेत. पाचटाची आग वाऱ्याकडून लावायची, भोवती पट्टा साफ ठेवायचा, आणि शेवटी ठिणगी कुठे राहिलीच तर वर माती ओढायची. मातीखाली आग जगत नाही.

“आगीचं आमाला नका सांगू, सर. खताचं सांगा.”

मी नमुने भरून परतलो.

प्रयोगशाळेत पुढचे काही आठवडे मी त्या मातीच्या सहवासात काढले. मॅडमनी जुने ग्रंथ काढून दिले. तंतू शाबूत असलेली, अर्धी कुजलेली, पुरती कुजलेली अशा तीन मुख्य जाती. त्यांच्या आत पिळल्यावर निघणाऱ्या पाण्याच्या रंगावरून आणखी पायऱ्या. लव्हाळदऱ्यात त्या सगळ्या पायऱ्या एका हाकेच्या अंतरात मांडलेल्या होत्या. झऱ्यापाशी पहिली, चरापाशी शेवटची. मी मॅडमना विचारले, की मग नाव कोणत्या पायरीचे द्यायचे. त्या म्हणाल्या, की ही वर्गवारी ज्यांनी केली त्यांच्या देशात माती एका पायरीवर बसून राहते. आपल्याकडे वर्षातले आठ महिने ऊन तिला वरून खाते; चर काढला की ती आपल्या डोळ्यांदेखत पायऱ्या उतरते. आज जे नाव देशील ते दोन पावसाळ्यांनी खोटे ठरेल.

थराची जाडी आणि तिचा बसण्याचा वेग मांडून पाहिला, तेव्हा त्यातून आलेले उत्तर मला रात्री झोपू देईना. चर उघडा राहिला तर थोड्याच वर्षांत सगळा थर हवेत विरून जाणार होता, आणि खाली उघडा मुरूम लागणार होता. अंगदचा कांदा त्या कुजण्यावरच पोसला होता. माती जितकी मरत होती तितकी ती सुपीक होती. हे त्याला कोणत्या शब्दांत सांगावे, याचा विचार करत मी वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणाऱ्या मुलासारखा बसून होतो, आणि तेवढ्यात सवितेचा फोन आला.

ती शांतपणे बोलत होती. लव्हाळा पेटवला होता, आग विझली होती, वर माती ओढली होती. पण बरेच दिवस झाले, जमिनीतून धूर येतोय. माती टाकली की तेवढ्यापुरता थांबतो आणि पलीकडे निघतो. गावातले लोक येऊन हात जोडून जातायत. तुम्ही याल का.

मी दुसऱ्या सकाळी पोचलो. नाताळ जवळ आला होता, आणि आईने फोनवर फराळाला लवकर ये असे बजावले होते. वाटेवरूनच वास आला. जळक्या गवताचा आणि त्यात मिसळलेला जळक्या केसांसारखा काहीतरी. दऱ्यात उतरलो तेव्हा ज्वाळा कुठेच दिसली नाही. वरच्या निम्म्यात जमीन राखाडी झाली होती आणि तिच्या भेगांमधून पातळ, निळसर धूर संथपणे वर येत होता. कडेची बाभूळ मुळांसकट आडवी झाली होती. तिची पाने हिरवी होती, मुळे कोळसा. खालच्या निम्म्यात कांद्याची पात गुडघ्याएवढी, गर्द हिरवी उभी होती. धुराकडच्या वाफ्यांवर मात्र ती पिवळी पडून लोळली होती.

अंगद फावड्याने माती ओढत होता. चेहरा काजळलेला, डोळे लाल. कितीतरी दिवस तो हेच करत असावा. तो दुसरीकडून पाटी भरून आणी आणि धुराच्या तोंडावर रिचवी. धूर दबे, तो घाम पुशी, आणि थोड्या वेळाने ओतलेल्या ढिगाच्याच कडेने धूर निघू लागे.

मी त्याच्या हातातले फावडे धरले. आयुष्यात मी इतक्या जवळून कोणाला अडवले नव्हते.

“अंगदभाऊ, ही माती टाकू नका. तुम्ही तिला जळण घालताय.”

त्याला ते समजायला वेळ लागला. मी ओतलेल्या ढिगातले एक ढेकूळ काठीने बाजूला काढून फोडले. आत लाल निखारा होता. त्याने ते ढेकूळ पाहिले, मग आपली रिकामी पाटी पाहिली, आणि तो बांधावर बसला. ज्या रीतीने त्याने बारा गावचे फड सांभाळले होते, ती रीत इथे उलटी झाली होती, आणि त्यात त्याची चूक एवढीच होती की त्याने मातीला माती समजले.

सविता घरातून आली होती. तिच्या डाव्या पायाला हळद लावून फडके बांधले होते. दोन दिवसांपूर्वी चालताना वरचा पापुद्रा फुटून तिचा पाय आतल्या राखेत गेला होता. तिने विचारले, मोटारीने पाणी सोडले तर. अंगदने ते करून पाहिले होते. पाणी वरून घरंगळून चरात गेले होते आणि आग खालीच राहिली होती. मी सांगितले, की पाणी वरून देऊन भागणार नाही, खालून चढवावे लागेल. चर बुजवायचा. झरा चालू आहे, दरा पूर्वीसारखा भरेल, आणि माती आतून भिजेल तेव्हाच हे विझेल.

“अन् कांदा?” अंगदने विचारले.

मी वाफ्यांवरून चरापर्यंत बोट नेले; पाणी तिथेच चढणार होते.

मग तो उठून हिशोब करू लागला. धूर एवढ्या दिवसांत एवढा सरकला. बांधापासून बांधापर्यंत एवढे अंतर. कांदा निघायला शिमगा. आग तिकडून येते तोवर इकडून काढून घेऊ, निम्मा जरी आला तरी खूप झाले. तो बोटाने हवेत रेघा ओढत होता. तो माझ्याकडे वळला आणि त्याने विचारले, की आगीला तिथवर यायला किती दिवस लागतील, तेवढे फक्त सांगा. त्याच्या आवाजात विनवणी होती, आणि माझ्याजवळ आकडा नव्हता. ही आग कधी महिनाभर जागेवर बसते, कधी एका रात्रीत वाट बदलते. मी तसे सांगितले.

लंकाबाई आता दऱ्याच्या काठावर येऊन उभी होती. तिने मुलाला आठवण दिली, की पुंजाराम मुकादमाचा माणूस काल येऊन गेला. कारखान्याला तोड कमी पडतेय, उद्या एक उशिराचा ट्रक जाणार आहे, एका कोयत्याची जागा आहे. त्यानंतर जागा नाही. ती हे रागाने बोलली नाही. घरात दळण संपले आहे हे सांगावे, तसे बोलली.

म्हणजे आज चर बुजवायचा, तर उद्या ट्रक. किंवा चर उघडा ठेवायचा आणि शिमग्यापर्यंत जमिनीशी पैज लावायची. अंगद पैजेकडे झुकला होता, आणि त्याला कारण कांदा नव्हता. तो एकसारखा सवितेकडे पाहत होता. तिला घरी ठेवायचा शब्द त्याने दिला होता.

सविता धुराकडे पाहत होती. शेवटी ती म्हणाली, की बुजवू या. औंदाचं साल गेलं म्हणायचं. माती राहिली तर पुढच्या साली चर पुन्हा काढू, पुन्हा कांदा लावू, अन् मग राहू घरी.

आता मला बोलावे लागणार होते. मी गप्प राहिलो असतो तर आग विझली असती, यंदापुरती माती वाचली असती, आणि माझ्या शास्त्राचे समाधान झाले असते. ती एका खोट्या आशेवर ट्रकमध्ये चढली असती, एवढेच. मी तिच्या पायाच्या फडक्याकडे पाहत बोललो, चेहऱ्याकडे नाही.

“सविताताई, चर पुन्हा उघडता येणार नाही. उघडला तर ही माती आगीशिवायही जळतच राहते, फक्त धूर दिसत नाही. थोड्या वर्षांत खाली मुरूम लागेल. तिला वाचवायची असेल तर पाण्यातच ठेवावी लागेल. कायमची.”

अंगदने मान वर केली, आणि मला वाटले तो मला निघून जायला सांगेल. तो म्हणाला, “मग सर, तुमी आमाला दोन्हीकडून बुडवलं की.” आणि विचित्र असे हसला.

सवितेने विचारले, की एवढी माती व्हायला किती काळ लागला असेल.

मी सांगितले, की पाईपाच्या ओट्याखाली जेवढी वीतभर जागा मोकळी झाली आहे, तेवढी साचायला दोनशे वर्षे तरी गेली असतील. ती ओट्याकडे गेली, त्याच्या खालच्या मोकळ्या जागेत हात घालून तिने तो तसाच धरून ठेवला. तिच्या मनात काय चालले होते मला माहीत नाही. नंतरही तिने ते सांगितले नाही, आणि मी विचारले नाही. ती उठली तेव्हा तिने नवऱ्याकडे पाहिले नाही, माझ्याकडेही नाही. पदर खोचला, लंगडत टेकडीच्या पायथ्याशी गेली आणि पाटीत मुरूम भरू लागली.

“काळी नगं,” ती अंगदला म्हणाली. “मुरूम आन. अन् खताच्या रिकाम्या गोन्या आन.”

अंगद बसूनच होता. तिने दुसरी पाटी वाहिली, तिसरी वाहिली. मग त्याने मोठ्याने नाक शिंकरले आणि तो गोण्या आणायला गेला.

मीही पाट्या वाहिल्या. मला ते नीट जमत नव्हते. लंकाबाई काठावरून सांगत होती, की नाथाच्या पाटीत निम्माच मुरूम घाला, नाहीतर त्यालाच चरात बुजवावं लागंल. कोणी हसले नाही, पण काम थोडे हलके झाले. दुपार कलली तेव्हा चराच्या तोंडावर गोण्यांचा बांध उभा राहिला. पाणी आधी गोंधळल्यासारखे त्याच्यापाशी थबकले, मग फिरले आणि हळूहळू वर चढू लागले. संध्याकाळी ते पहिल्या वाफ्यात शिरले.

त्या हिवाळ्यातली पहिली धुक्याची सकाळ उजाडली ती ट्रक यायच्या दिवशीच. मी उठून ओट्यावर आलो तेव्हा दरा काठोकाठ पांढरा भरला होता. धूर कुठला आणि धुके कुठले, ते वेगळे करता येत नव्हते. सविता आधीच उठलेली होती. गोधड्यांचे बोचके, पीठ, तवा, दोन कोयते, सगळे बांधून दाराशी ठेवले होते. ती उंबऱ्यात उभी राहून दऱ्याकडे पाहत होती. मी आल्याचे तिला कळले, पण ती वळली नाही.

ट्रक रस्त्यावर थांबला आणि हॉर्न वाजला. पुंजाराम मुकादम खाली उतरला. जाड, घामट, बोलका माणूस. तो अंगदला म्हणाला, की शेवटी आलास ना लायनीवर, तुझा कांदा आमच्या उसापुढं किती दिवस टिकनार. अंगदने बोचके उचलले. मुकादमाने सवितेच्या पायाकडे पाहून कपाळाला आठी घातली आणि विचारले, की ही तोडंल का. तिनेच सांगितले, की तोडते. बोचके वर फेकले गेले. ती चाकावर पाय ठेवून फळीला धरून चढली. वर आधीच बसलेल्या बायकांनी तिला जागा करून दिली.

ट्रक गेल्यावर लंकाबाई आणि मी दऱ्यात उतरलो. धुके विरत होते. वाफे सगळे पाण्याखाली गेले होते, आणि पाण्यावर कांद्याच्या पातीची टोके ओळीने उभी होती. पलीकडच्या टोकाला, जिथे पाणी अजून पोचले नव्हते, तिथून एक बारीक, सरळ धूर वर जात होता. अधूनमधून पाण्यात काहीतरी चरचरे आणि वाफेचा गोळा उठे.

लंकाबाईने नऊवारीचा ओचा वर खोचला आणि ती गुडघाभर पाण्यात उतरली. मी तिला अडवले; जमीन आत पोकळ असेल, असे म्हणालो. तिने सांगितले, की कडंकडंनंच जाते. ती वाकून पात उपटू लागली. कांदे अजून बोटाएवढेही झाले नव्हते, पण पात रसरशीत होती. ती मुठी भरून ओच्यात टाकत गेली. कुजून जाण्यापेक्षा शेजारणींना वाटते म्हणाली. आज गावात घरोघर पातीची भाजी होईल.

मीही पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरलो. पाणी बर्फासारखे गार होते आणि तळाची माती पायांच्या बोटांमध्ये मऊ भरत होती. आम्ही उपटत राहिलो. बऱ्याच वेळाने लंकाबाईने एक मोठी जुडी बांधली, मुळांची काळी माती पाण्यात खळखळून धुतली आणि माझ्या हातात दिली. तुझ्या आईला दे म्हणाली, तुमच्या सणाला.

मग तिने कंबरेवर हात ठेवून पलीकडच्या धुराकडे पाहिले.

“आज विझंल का, नाथा?”

मी म्हणालो, की आज नाही. काही दिवस लागतील.

“लागू दे,” ती म्हणाली. “मी हायेच की हितं.” आणि पुन्हा वाकली.